दोघंही बरोबर असतील तरच गंमत: मतं न जुळणाऱ्या जोडीचा विनोदी प्रेमपट कसा लिहावा

लघुपट आणि एकांकिकांच्या संहिता वाचायचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं. दर खेपेला त्यात चार-पाच गोष्टी एकाच साच्याच्या असतात. तो शिस्तीचा, ती बेशिस्त. ती शहरातली, तो गावाकडचा. पहिल्या दहा पानांत कडाक्याचं भांडण, विसाव्या पानावर पाऊस आणि तिसाव्या पानावर त्याला किंवा तिला आपली चूक उमगते. वाचताना कुठेच हसू येत नाही. लिहिणाऱ्याने एक बाजू आधीच निवडलेली असते आणि दुसरं पात्र फक्त हरण्यासाठी आणलेलं असतं, हे दुसऱ्याच पानावर कळतं.

हा प्रकार लिहायला अवघड आहे, पण त्याची कारागिरी शिकता येते. मी स्वतः जशी शिकलो, बरीचशी चुका करत, त्या क्रमाने सांगतो. उदाहरणाला माझीच एक अर्धवट संहिता घेतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं वाटोळं व्हायला नको.

पायरी १: आधी बघा, हे मत आहे की सवय

चहा की कॉफी, पंखा पाचवर की दोनवर, टूथपेस्टचं झाकण लावणं किंवा न लावणं या सवयी झाल्या. त्यांवर एक प्रसंग निघतो, सिनेमा नाही. ज्यापायी माणसाला काहीतरी मोजावं लागतं, पैसे, नोकरी, झोप, घरच्यांशी संबंध, ते मत. कसोटी सोपी आहे. पात्राने हे मत सोडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आयुष्यात काय बदलेल? उत्तर 'काही नाही' असेल तर विषय बदला.

आपल्याकडचं जुनं आणि अजूनही ताजं उदाहरण म्हणजे १९३८चा 'ब्रह्मचारी'. आचार्य अत्र्यांची कथा, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सची निर्मिती. ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून नायक औदुंबर पेटून उठतो, खोलीतली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि आश्रमाची वाट धरतो. मग नायिका किशोरी येते. मीनाक्षी शिरोडकरांचं पोहण्याच्या पोशाखातलं 'यमुनाजळी खेळू खेळ' सगळ्यांना आठवतं आणि त्या काळी त्यावर गहजबही झाला. पण लिहिणाऱ्याने त्या पोशाखाआधी बघायचं ते व्रत. व्रत हे मताचं सगळ्यात सोयीचं रूप आहे, कारण ते मोडताना डोळ्यांना दिसतं. 'तो जुन्या विचारांचा आहे' हे पडद्यावर दाखवणं कठीण, पण 'त्याने अमुक करणार नाही अशी शपथ घेतली आहे' म्हटलं की प्रेक्षक पुढे सरकून बसतो. त्यात एक उणीव राहतेच. चित्रपट औदुंबराच्या व्रताची यथेच्छ टर उडवतो, त्यामुळे लढत बरोबरीची होत नाही. व्यंगासाठी ते चालतं, प्रेमकथेला कमी पडतं.

माझी संहिता अशी होती. डोंबिवलीतली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, पुनर्विकासाचा प्रस्ताव आलेला. तिसऱ्या मजल्यावर अमृता, आजीकडे राहायला आलेली फिजिओथेरपिस्ट. आजी दोन वर्षं जिना उतरलेली नाही. तळमजल्यावर निखिल. त्याची आई राहत्या घरातून पोळी-भाजी केंद्र चालवते आणि त्यावरच घर चालतं. अमृताला इमारत पाडायला हवी आहे, निखिलला नको आहे. इथे मत सोडलं तर एकीची आजी आयुष्यभर वरच अडकते आणि दुसऱ्याच्या आईचा धंदा बसतो.

पायरी २: दोघांना एका दोरीने बांधा

मतं जुळत नसतील तर शहाणी माणसं एकमेकांना टाळतात. तुमच्या पात्रांना ती सोय मिळता कामा नये. १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये फ्रँक काप्राने श्रीमंत बापापासून पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार यांना मायामीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये घातलं. तिला पोहोचायचंय, त्याला बातमी हवी आहे, आणि दोघांच्या खिशात पैसे जेमतेम. उत्तम चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही पाचही प्रमुख ऑस्कर एकत्र मिळवणारा तो पहिला चित्रपट. आपल्याकडे 'चोरी चोरी' आणि 'दिल है के मानता नहीं' हे त्याच मुशीतून निघाले.

मराठीत २०१०च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने हे काम एका दिवसात उरकलं. स्थळाला नकार द्यायला पुण्यात आलेली मुंबईची मुलगी आणि वाटेत भेटलेला पुणेकर. शहरांवरून चाललेली टोलेबाजी वरवरची आहे. खरा पेच असा की ती नकार ठरवूनच आली आहे.

बांधायला दोरी आणि संपायला तारीख, एवढं असलं की पुरे. माझ्याकडे तारीख आयती होती: विशेष सर्वसाधारण सभा.

पायरी ३: दोन्हीकडचं वकीलपत्र घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. संवाद लिहायच्या आधी प्रत्येक पात्राचं एक-एक पान लिहायचं, प्रथमपुरुषी, 'माझं म्हणणं असं' म्हणत. मग ते पान अशा माणसाला द्यायचं ज्याचं मत खरोखरच तसं आहे.

माझी फजिती इथे झाली. अमृताचं पान दहा मिनिटांत झालं, कारण मी स्वतः लिफ्टच्या इमारतीत राहतो आणि माझ्या घरातही गुडघे दुखणारी माणसं आहेत. निखिलचं पान मात्र मी अंगण, चिंचेचं झाड आणि लहानपणीच्या लपाछपीने भरलं. ज्या मित्राची आई खरोखर पोळी-भाजी केंद्र चालवते, त्याला वाचायला दिलं. तो हसत सुटला. म्हणाला, "झाडाचं काय घेऊन बसलास? गिऱ्हाईक सकाळी साडेसातला दारात येतं, चप्पल न काढता हात पुढे करतं, पाच पोळ्या घेतं आणि लोकल पकडतं. टॉवरच्या गेटवर वहीत नाव लिहून, वॉचमनला फोन करायला लावून, लिफ्टने अकराव्या मजल्यावर पाच पोळ्यांसाठी कोण येणार?"

तिथे निखिल मला सापडला. त्याचं मत आठवणींचं नव्हतं, हिशेबाचं होतं. आपल्याला न पटणाऱ्या बाजूला आपण नेहमी भावना देतो आणि पटणाऱ्या बाजूला मुद्दे. ही खोड स्वतःची स्वतःला दिसत नाही, म्हणून तर दुसऱ्याला वाचायला द्यायचं.

दोन्हीकडचं वकीलपत्र कसं घेतात ते शिकायचं तर १९४९चा 'ॲडम्स रिब' बघा. नवऱ्यावर गोळी झाडणाऱ्या बाईचा खटला. सरकारी वकील स्पेन्सर ट्रेसी, बचावाची वकील कॅथरिन हेपबर्न, आणि हे दोघे नवरा-बायको. पटकथा रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन यांची, तेही नवरा-बायको. तिचा मुद्दा: हेच पुरुषाने केलं असतं तर समाजाने समजून घेतलं असतं. त्याचा मुद्दा: कायदा हातात घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. दोन्ही मुद्दे आजही उभे आहेत. ती खटला जिंकते. मग एके रात्री तो पिस्तूल घेऊन तिच्यासमोर उभा राहतो, ती घाबरून ओरडते की तुला असं करायचा अधिकार नाही, आणि तो म्हणतो, हेच तर मी म्हणत होतो. मग पिस्तुलाची नळी तोंडात घालून तो ती चावून खातो. ते पिस्तूल लिकोरिसच्या मिठाईचं असतं.

एवढ्या एका प्रसंगात हरलेल्या बाजूचा मुद्दा जिंकलेल्या बाजूच्याच तोंडून निघतो, आणि तोही हशा घेऊन. मी तो प्रसंग किती वेळा बघितला याची मोजदाद नाही. अजून त्याच्या जवळपास जाणारं काही लिहिता आलेलं नाही, हे कबूल करून पुढे जातो.

पायरी ४: एक वस्तू शोधा

वाद घालून कुणाचं मत बदललेलं तुम्ही घरात पाहिलंय का? मी नाही. पडद्यावरही ते खोटं वाटतं. मत सैल होतं ते वस्तूपाशी, खाण्यापाशी, हसण्यापाशी.

१९३९चा 'निनोच्का' घ्या. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, पटकथेत बिली वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट. ग्रेटा गार्बो सोव्हिएत सरकारची कडक अधिकारी म्हणून पॅरिसला येते. हॉटेलात शिरताना काचेमागे एक विचित्र टोपी दिसते. ज्या संस्कृतीत बायका असलं काही डोक्यावर घालतात ती टिकणार कशी, असा शेरा मारून ती पुढे जाते. पुन्हा एकदा त्या टोपीसमोरून जाताना नुसती मान हलवते. आणि नंतर, खोलीत एकटी असताना, दार लावून कुलूपबंद कप्प्यातून तीच टोपी बाहेर काढते. एक शब्द नाही. तीन वेळा टोपी दिसली आणि एक माणूस बदललेला दिसला.

त्याच चित्रपटात सरदार घराण्यातला नायक लिओन कामगारांच्या खानावळीत तिला विनोदावर विनोद सांगतो आणि ती ढिम्म हलत नाही. शेवटी तो खुर्चीवरून कोलमडतो, सगळी खानावळ हसते आणि तीही खो खो हसत सुटते. विनोदाने जे झालं नाही ते पडण्याने झालं. आपल्या कामाचा आणखी एक बारकावा: लुबिचने दुसऱ्या बाजूलाही सोडलेलं नाही. लिओन मार्क्स वाचून घरातल्या नोकराला समतेचं सांगायला जातो, तर नोकर हादरतो. त्याने पै-पै करून पैसे साठवलेत आणि ज्याने दोन महिन्यांचा पगार थकवलाय त्या मालकाशी ते वाटून घ्यायची त्याची अजिबात तयारी नाही.

'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये ही वस्तू म्हणजे चादर. मुक्कामाच्या खोलीत दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तो तिच्यावर चादर टाकतो आणि तिला जेरिकोची भिंत म्हणतो. शेवटी ती पडते एवढंच आपल्याला कळतं, आणि तेवढं पुरतं.

वस्तू निवडताना दोन गोष्टी बघा. ती दोघांच्या हातातून जायला हवी आणि वादाच्या विषयाशी तिचा सांधा हवा. गुलाब, अंगठी, रुमाल बाद. माझ्या संहितेत वस्तू समोरच लटकत होती आणि मला महिनाभर दिसली नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत म्हाताऱ्या माणसांकडे हमखास असते ती, गॅलरीतून सोडायची दोरीची टोपली. आजीचा डबा रोज त्या टोपलीतून तिसऱ्या मजल्यावर जातो. म्हणजे इमारत पाडा म्हणणाऱ्या घराचं जेवण ती पाडू नका म्हणणाऱ्या घरातून येतं.

पायरी ५: भांडण लिहिताना विषयाचं नाव घेऊ नका

माझा पहिला खर्डा असा होता:

निखिल: तुम्हाला जुन्या गोष्टींची किंमतच नाही.
अमृता: आणि तुम्हाला प्रगती नको आहे.

अशी वाक्यं अग्रलेखात शोभतात, जिन्यात कुणी बोलत नाही. चौथा खर्डा:

(टोपली खाली येते. आत भरलेला डबा.)
निखिल: (वर बघून) आजींनी भाजी परत पाठवली?
अमृता: (गॅलरीतून) मीठ जास्त झालंय म्हणतेय.
निखिल: आईच्या हातून मीठ जास्त पडत नाही.
अमृता: परवा मिटिंगला तुम्हीच म्हणालात ना, तक्रार असेल तर समोर येऊन करा. तिला यायचंय समोर. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत.
(निखिल जिन्याकडे बघतो.)
निखिल: ...मीठ कमी टाकायला सांगतो.

पुनर्विकास हा शब्दही नाही, तरी भांडण त्याचंच आहे. पहिल्या खर्ड्यात दोघे एकमेकांबद्दल बोलत होते, इथे मिठाबद्दल बोलतात. आणि निखिल हरत नाही, फक्त एक पाऊल मागे सरकतो. दर भांडणात कुणीतरी एवढंच सरकावं, आणि पुढच्या भांडणात दुसऱ्याने.

आता मराठीची खास सोय. आपल्याकडे 'तुम्ही' आणि 'तू' आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे दाखवायला आख्खा प्रसंग रचावा लागतो, ते आपल्याला एका क्रियापदात मिळतं. आणि आपण ते उधळतो: तिसऱ्या पानावर 'तुम्ही', पाचव्यावर 'तू', का ते लेखकालाही माहीत नसतं. संहिता छापून घ्या, लाल पेन घ्या आणि दोघांमधलं प्रत्येक 'तू' आणि 'तुम्ही' गोल करा. पहिलं 'तू' कुणाच्या तोंडून आणि कोणत्या पानावर येतं? मुद्दाम की चुकून? चुकून आलेलं 'तू' सगळ्यात छान, कारण ते ऐकणाऱ्याला ऐकू येतं आणि बोलणाऱ्याला नाही. मग मोठं भांडण झालं की एकाने परत 'तुम्ही'वर जायचं. "तुम्ही सही करा किंवा करू नका, मला काही सांगू नका." दार आपटण्यापेक्षा हे जास्त लागतं. नवरा-बायकोची गोष्ट असेल आणि ती त्याला 'अहो' नि तो तिला 'अगं' म्हणत असेल, तर तेही एक मतच आहे. ते पात्रांनी ठरवलंय की लेखकाच्या सवयीने आलंय, एकदा तपासा.

पायरी ६: तिसऱ्यापुढे एकमेकांची बाजू मांडू द्या

मध्यावर एक प्रसंग हवा, ज्यात 'अ' गैरहजर असताना 'ब' त्याची बाजू मांडतो, पटत नसूनही. माझ्याकडे बिल्डरचा माणूस पोळी-भाजी केंद्राला 'ती अनधिकृत खानावळ' म्हणतो आणि अमृता फाडकन म्हणते, "खानावळ नाही, केंद्र. आणि मीठ अगदी बेताचं असतं." प्रेक्षकाला प्रेम इथे कळतं. तिला अजून कळलेलं नसतं.

बाकीची पात्रं, मित्र, सेक्रेटरी, वॉचमन, थोडक्यात उरका. प्रत्येकाला एक हट्ट द्या आणि मोकळे व्हा.

पायरी ७: कोण हरणार ते आधी ठरवा

शेवटापाशी बहुतेक जण पळ काढतात, भले भलेसुद्धा. १९४२च्या 'वुमन ऑफ द इयर'मध्ये राजकारणावर लिहिणारी नामांकित स्तंभलेखिका आणि त्याच वर्तमानपत्राचा क्रीडा बातमीदार यांची जोडी आहे. हेपबर्न आणि ट्रेसी पहिल्यांदा एकत्र आले ते इथे. पूर्वप्रदर्शनानंतर त्याचा शेवट बदलला गेला आणि जगाच्या राजकारणावर अधिकाराने बोलणारी ही बाई नवऱ्यासाठी न्याहारी करताना स्वयंपाकघरात फजीत होते. प्रसंग हसवतो, पण पूर्ण चित्रपटभर उभं केलेलं पात्र पाच मिनिटांत लहान होतं. १९९८च्या 'यूव्ह गॉट मेल'मध्ये तिचं छोटं पुस्तकांचं दुकान त्याच्या अवाढव्य दुकानापुढे टिकत नाही, बंद पडतं, आणि शेवटी ती त्याच्याच मिठीत. टॉम हँक्स आणि मेग रायन गोड आहेत म्हणून आपण खपवून घेतो. मला अजून ते दुकान आठवून चुटपुट लागते.

माझी पळवाट अशी होती: निखिलच्या आईने गुपचूप आधीच संमतीपत्रावर सही केलेली असते. म्हणजे मुलाचं मत आपोआप निकालात, सगळे आनंदी. एका वाहिनीच्या बैठकीत हे फार आवडलं. त्यांनी वर सुचवलं की नायकाला आपली चूक कळल्याचं एक छोटं भाषणही टाका. मी टाकलं. काम पुढे गेलं नाहीच, पण संहितेतलं ते भाषण वाचून पोळी-भाजीवाला मित्र म्हणाला, "म्हणजे माझी आई शेवटपर्यंत मूर्खच होती तर." तेव्हा ते पान फाडलं.

नवा शेवट असा. मत मोजलं जाणार, पण सभेला सभासदाने स्वतः हजर राहावं लागतं आणि फ्लॅट आजीच्या नावावर आहे. आजी उतरू शकत नाही. सभेच्या दिवशी निखिल वर जातो, आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो आणि वॉचमनच्या मदतीने खुर्चीसकट अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली आणतो. धापा टाकत खुर्ची सभेत ठेवतो. आजी हात वर करून त्याच्या विरुद्ध मत देते. निखिल आपलं मत 'नाही'लाच देतो आणि हरतो. कुणी कुणाला 'तुझंच बरोबर होतं' म्हणत नाही.

शेवट तपासायला मी एकच प्रश्न विचारतो: हरलेलं पात्र उद्या सकाळी तेच मत पुन्हा मांडू शकेल का? 'ॲडम्स रिब'मध्ये शेवटच्या प्रसंगात नवऱ्याला रिपब्लिकन पक्षातर्फे न्यायाधीशपदाची उमेदवारी मिळायची असते, आणि बायको सहज विचारते की डेमोक्रॅट पक्षाने कुणाला उभं करायचं ठरवलंय का. पडदा पडतो आणि पुढचं भांडण सुरू होतं.

पायरी ८: भूमिका बदलून वाचा

संहिता पूर्ण झाली की दोन माणसं बसवा आणि मोठ्याने वाचून घ्या. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट, त्यामुळे शंभर पानांना पावणेदोन तास धरा, चहा वेगळा. मग तीच भांडणं भूमिका बदलून वाचायला लावा: तिची वाक्यं त्याने, त्याची तिने. ज्या वाक्याला वाचणारा अडखळतो किंवा कसनुसा हसतो ते वाक्य पात्राचं नसतं, तुमचं असतं. खाडाखोड करा. आमच्याकडे असं वाचन माझ्या बायकोने आणि मी केलं. पुनर्विकासाबद्दल आमची मतं उलट आहेत हे आम्हाला लग्नाच्या चौदाव्या वर्षी, पान सदतीसवर कळलं.

शेवटचं पान मी त्यानंतर लिहिलं. इमारत रिकामी झाली आहे. निखिल आणि आई दोन स्टेशनं पलीकडे भाड्याच्या घरात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण बंद. रस्त्यावर अमृता उभी आहे, हातात रिकामा डबा. ती वर बघून हाक मारते:

"टोपली सोड."